शवासनातले चाळीस सेकंद

१२ फेब्रुवारी
(फळ्यावर : दिवस ४१)

चि. खारूताई,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो, आणि ती गंभीर आहे. इथे मला मिळालेली चटई माझ्यापेक्षा नऊ बोटं आखूड आहे. शवासनात डोकं चटईवर ठेवलं तर टाचा फरशीवर येतात. टाचांना न्याय द्यावा तर डोकं उघड्यावर पडतं. गेले एक्केचाळीस दिवस रोज सकाळी साडेसहाला मला हा निवाडा करावा लागतो. मी रीतसर लेखी अर्ज दिला. केंद्राच्या प्रमुख बाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "सर, चटया सगळ्या सारख्याच आहेत. तुम्ही लांब आहात." या निकालावर अपिलाची सोय नाही.

तू उत्तर देणार नाहीस असं गृहीत धरूनच लिहितो आहे. आधीच्या तीन पत्रांनी तेवढी समज दिली. मला भरती करून निघताना गेटवर तू म्हणालीस, "तुम्ही जा आता आत." बोलायला लागल्यापासून 'अरे बाबा' म्हणणारी मुलगी! शाळेत पंचवीस वर्षं पोरांना आदरार्थी बहुवचन शिकवलं. ते इतकं लागतं हे पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. खिडक्या चार बोटं उघडतात. त्याहून जास्त उघडू नयेत म्हणून चौकटीत खिळा ठोकला आहे. मुख्य दाराला आतून कडीच नाही. जेवणघराच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर आम्हा सव्वीस जणांची ओळ आणि प्रत्येकापुढे त्याचा कोरडा दिवस. रोज सकाळी ज्याचा त्यानं आपला आकडा पुसून पुढचा लिहायचा. नव्वद झाले की घरचं माणूस येऊन सही करतं आणि दार उघडतं. मध्ये कुणी तोंडाला लावली, तर त्यानं स्वतःच्या हातानं पुसून पुन्हा एक लिहायचा. कुणी रागावत नाही. फक्त बाकीचे पंचवीस जण जेवता जेवता बघतात.

आमचे योगशिक्षक पूर्वीचे लिफ्ट मेकॅनिक. बारा वर्षांपूर्वी त्यांनाही असंच धरून आणलं होतं. बरे झाले आणि इथेच राहिले. सगळ्यांना 'मालक' म्हणतात. इथे कुणीच कशाचा मालक उरलेला नाही, म्हणून असेल. परवा मला म्हणाले, "दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतला माणूस काय करतो, मालक? उड्या मारतो, बटणं बडवतो. आम्ही वरून एकच ओरडायचो. खाली बसा, श्वास मोजा, येतोय आम्ही. तल्लफ आली की तेच करायचं. चार मोजत वर, सहा मोजत खाली. वीस मिनिटं काढा. तेवढ्यात कुणी ना कुणी येतंच."

"कोण येतं?"

"जेवणाची घंटा."

आता या गृहस्थांचं सगळं उत्तम, पण आवाज लिफ्टच्या खड्ड्यात हाका मारून तयार झालेला. ते "शांत व्हा" म्हणाले की माणूस दचकून उठून बसतो. म्हणून बाईंनी ठरवलं की शवासनाच्या सूचना माझ्या आवाजात रेकॉर्ड करून घ्यायच्या. चौतिसाव्या दिवशी गावातल्या एका स्टुडिओत जाऊन ते काम उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले होते. एका दमात झालं.

ते आता रोज लावतात. घरच्यांनाही पाठवू असं बाई म्हणताहेत. तुझ्या फोनवर आलं तर ऐकायची तसदी घेऊ नकोस. त्या दिवशी माझा घसा बरा नव्हता. आणि तू दिवसभर लोकांना त्या बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणतेस; घरी आल्यावर तुझ्या कानांना रजा हवी.

आईला सांग की मी दोन्ही वेळा जेवतो.

बाबा

२४ फेब्रुवारी
(फळ्यावर : दिवस ५३)

चि. खारूताई,

चटईचं प्रकरण प्रलंबित आहे. दरम्यान मी कीर्तिमान झालो.

ते रेकॉर्डिंग एकतीस मिनिटांचं आहे. कपाळापासून सुरुवात, मग जबडा, खांदे, हात, पोट, असं करत पावलांपर्यंत. लोक दहाव्या मिनिटाला घोरू लागतात, ही साधकांची सर्वोच्च अवस्था. माझ्या शेजारच्या चटईवर एक बेकरीवाला आहे. भल्या पहाटे भट्टी पेटवायची म्हणून पहाटेच एक पेला, अशी त्याची वीस वर्षं गेलेली. हात इतके कापायचे की भरती झाला तेव्हा चहा बशीतूनही प्यायला यायचा नाही. परवा मला म्हणतो, "सर, एकोणिसाव्या मिनिटाला तुम्ही जे गप्प होता ना, त्यात मला माझी आई दिसली. पदराला हात पुसत उभी होती."

त्या रेकॉर्डिंगमध्ये 'खांदे सैल सोडा' नंतर चाळीस सेकंद मी बोलतच नाही. ही शांतता इथे फार वाखाणली जाते. तिच्यात लक्षपूर्वक ऐकलं तर एक बारीकसा आवाज येतो, घशातला. योगशिक्षक नव्या लोकांना तिथे हात वर करून थांबवतात. "ऐकलंत? इथे सरांनी श्वास रोखलाय. याला कुंभक म्हणतात. असा जमला पाहिजे."

गुरूच्या अर्थनिर्णयात शिष्यानं पडू नये.

अडचण एवढीच की मला स्वतःला ते ऐकत पडून राहता येत नाही. डोळे मिटले की माझाच आवाज मला सांगतो, सोडून द्या, सगळं सोडून द्या, आणि एकोणीस मिनिटं झाली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. नाश्त्याची वेळ जवळ आलेली असते, म्हणून असेल. एक आठवडा मी बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत बसलो. सव्वीस जोड्या लावायला एकतीस मिनिटं पुरतात, फक्त घाई करायची नाही. बाईंच्या लक्षात आलं. "सर, तुम्ही दुसऱ्यांना झोपवता आणि स्वतः पळता?" म्हणाल्या आणि मला चटईवर परत आणून सोडलं. दार लावून घेतलं.

आता मूळ मुद्दा. शनिवारी त्यांनी ते सव्वीसच्या सव्वीस घरी पाठवलं. तुला विनंती आहे, आणि मी विनंती फारशी करत नाही हे तू जाणतेस. ते उघडू नकोस. पुसून टाक. आईच्या हाती तर मुळीच पडू देऊ नकोस.

कारण विचारू नकोस. कलावंताचा संकोच समज.

बाबा

२७ फेब्रुवारी
(फळ्यावर : दिवस ५६)

खारूताई,

तीन दिवसांत दुसरं पत्र लिहिणं हे माझ्या वयाला शोभत नाही. परंतु मागच्या पत्रात मी त्या रेकॉर्डिंगवर पाच-सहा ओळी जास्तच खर्च केल्या असं नंतर वाटलं. एखादी गोष्ट 'करू नकोस' असं बापानं लिहून कळवलं की ती नेमकी होते, हे मला तुझ्या बालपणापासून ठाऊक असायला हवं होतं.

तेव्हा ऐकायचं तर ऐक. किंवा ऐकू नकोस. मला काही फरक पडत नाही.

इथे गरम पाणी दोन दिवस बंद होतं. आज आलं.

बाबा

११ मार्च
(फळ्यावर : दिवस ६८)

माझ्या खारूताई,

तुझं पत्र मिळालं. बाईंनी ते सगळ्यांदेखत हातात दिलं, आणि बेकरीवाल्यानं टाळी वाजवली. मी ते न्हाणीघरात नेऊन वाचलं, कारण इथे आतून कडी लागणारी तेवढी एकच जागा आहे. नंतर किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुझ्या अक्षरातले दोन काने माझ्या अंगठ्यानं पुसट झालेत.

तू लिहितेस, "बाबा, तू नको म्हणालास म्हणून ऐकलं. पहिल्याच मिनिटाला बंद करणार होते. मग तू 'कपाळ सैल सोडा' म्हणालास आणि मी सात वर्षांची झाले. तोच गोष्टीतला आवाज! आणि मधे थांबलायस ना, राक्षस यायच्या आधी थांबायचास तसाच. मी चक्क उशी धरली. किती वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. तू बरा होतोयस, बाबा. कळतंय मला. दोन एप्रिलला नव्वद होतात ना? मी रजा टाकलीय. न्यायला येते."

तू मला पुन्हा 'तू' म्हटलंस. पत्रात नऊ वेळा.

आज सकाळी चटई पुरेशी लांब वाटली. मी योगशिक्षकांना सांगितलं, मुलगी न्यायला येणार. ते म्हणाले, "बघा, आलं का नाही कुणीतरी?" मग मी चार मोजत वर गेलो, आणि सहा मोजत खाली येताच येईना.

कारण पत्राच्या तळाशी तू आणखी दोन ओळी लिहिल्या आहेस. "आई अर्ध्यातच उठली. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं तिनं. विचारलं तर काहीच बोलली नाही. तिला अजून जड जातंय, तू मनावर घेऊ नकोस."

अर्ध्यात म्हणजे नेमकं कितव्या मिनिटाला, खारू? तुझ्या लक्षात आहे का? असू दे. नको सांगूस.

दोन एप्रिलला ये. म्हणजे, गर्दी नसेल तर सकाळच्या गाडीनं ये. किंवा रजेची घाई करू नकोस. तुमच्याकडे रजा शेवटच्या दिवशीसुद्धा रद्द करता येते का?

मी आनंदात आहे. खरंच आहे. हे वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा मलाच ते शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला दिल्यासारखं वाटलं, पण खोडत नाही.

बाबा

१४ मार्च
(फळ्यावर : दिवस १)

खारूताई,

वरचा आकडा चुकलेला नाही. आज सकाळी मी सत्तर पुसले आणि एक लिहिला. हात ओला होता, त्यामुळे एक जरा जाडच आला आहे.

आता सरळ सांगतो. तुझ्या बाबाला सरळ सांगायची सवय नाही, तेव्हा मधे कुठे वळसे आले तर सांभाळून घे.

त्या दिवशी स्टुडिओत ड्रायव्हर मला सोडून केंद्राची औषधं आणायला गेला. स्टुडिओवाल्याला मी कुठून आलोय हे ठाऊक नव्हतं. बाईंनी फोनवर फक्त 'आमचे एक सर येतील' एवढंच सांगून माझी लाज राखली होती. मी माइकसमोर बसलो, तोंड उघडलं, आणि शेळीचा आवाज निघाला. दुसऱ्यांदा केलं. शेळीच. पंचवीस वर्षं वर्ग गाजवलेला माणूस, आणि 'कपाळ' हा शब्द नीट निघेना. तो भला माणूस म्हणाला, "सर, घसा ओला करा जरा, सगळेच करतात," आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांमागून बाटली काढली. पेला स्टीलचा होता.

मी नाही म्हणालो नाही. मी 'अर्धाच' म्हणालो.

त्यानंतर एका दमात झालं, हे मी तुला खरंच लिहिलं होतं. एकोणिसाव्या मिनिटाला, 'खांदे सैल सोडा' झाल्यावर, मी उरलेला अर्धा घेतला. ते चाळीस सेकंद म्हणजे तेवढंच आहे. पेला टेबलावर आवाज न करता ठेवायला वेळ लागतो. परतताना दारावर तोंडाचा वास घेतात. त्या दिवशी दारावर योगशिक्षक होते. "तुमचं काय तपासायचं, मालक," म्हणाले आणि बाजूला झाले.

त्यानंतर मी प्यायलो नाही. सदतीस दिवस. यावर विश्वास ठेवणं न ठेवणं तुझ्याकडे. मी तुझ्या जागी असतो तर ठेवला नसता.

आता कठीण भाग. गोष्टींच्या वेळी माझ्या उजव्या हाताशी एक पेला असायचा, तुला आठवत असेल. 'बाबांचं औषधाचं पाणी'. तू त्याच्या गार कडेला बोट लावायचीस आणि मी तुझं बोट हळूच उचलून बाजूला ठेवायचो. राक्षस यायच्या आधी मी थांबायचो. तू उशी धरायचीस. खारू, राक्षसाची वाट बघत मी थांबत नव्हतो. मी घोट घेत होतो.

तो आवाज पहिल्या पेल्याचा. चौथ्या पेल्याचा तुला नंतर ठाऊक झाला. पहिल्याचा तुला इतका आवडायचा की मी तुझ्यासाठीच घेतो असंसुद्धा काही वर्षं मी स्वतःला पटवलं होतं. संस्कृत शिकलेल्या माणसाला काहीही सिद्ध करता येतं.

तुझ्या कानांवर अख्ख्या गावाचे कान अवलंबून, आणि तुला तो घोट ऐकू आला नाही. तुझ्या आईला आला. ती कितव्या मिनिटाला उठली हे मला विचारायची गरज नाही. ती रागानं उठली नाही. तिनं ओळखलं, आणि दार लावून घेतलं, आणि तुला काही सांगितलं नाही. कारण कित्येक वर्षांनी तू बापाबद्दल बरं बोलत होतीस. पूर्वी शाळेत फोन करून 'त्यांना ताप आहे' सांगायची, तेच तिनं पुन्हा केलं. मी इथे कड्या-खिळ्यांच्या तक्रारी लिहितो. ती तिकडे माझ्या घोटावर दार लावून उभी आहे. तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस मला तेवढंच दिसत होतं. तिला सांग, आता लपवायचं काही उरलं नाही. हे पत्र तिला वाचायला दे.

काल दुपारी योगशिक्षकांना गाठलं. ते आसनांच्या दोऱ्यांना गाठी मारत बसले होते. मी खाली बसलो, डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी सांगवेना. चार मोजत वर, सहा मोजत खाली, असं बराच वेळ केलं. ते थांबले. कुठेही न पळता इतका वेळ मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो असेन. मग सांगितलं. त्यांचा हात तसाच गाठीवर राहिला. म्हणाले, "मी नव्या पोरांना तुमचा घोट शिकवला, मालक." मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. डोळे पुसले आणि गाठ पूर्ण केली.

आज सकाळी फळ्यापुढे मी बाईंना विचारलं, सदतीस तरी धरणार का? बाई म्हणाल्या, "लपवलेले दिवस कोरडे असले तरी फळ्यावर येत नाहीत, सर." मग मी दोन एप्रिलचं सांगितलं, तुझ्या रजेचं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. आता नव्वदावा दिवस अकरा जूनला येतो. तेव्हा तू रजा रद्द कर.

रेकॉर्डिंग बंद झालं. बेकरीवाला भडकला. "मग माझी आई कुणी दाखवली मला? तुमच्या बाटलीनं?" म्हणाला. त्याचे हात मात्र कापत नव्हते.

शिक्षा म्हणून नव्हे, गरज म्हणून, आज सकाळी सूचना मीच दिल्या. समोर बसून, तोंडानं. शेळी हजर होतीच. 'खांदे' म्हणताना आवाज फाटला, 'सैल'वर अडकलो. कुणाला झोप लागली नाही. बेकरीवाल्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. एकोणिसाव्या मिनिटाला मी थांबलो नाही. थांबायची भीती वाटली. सगळं एकवीस मिनिटांत संपलं.

चटई अजून आखूडच आहे. आता तीन महिने आहेत, सवय होईल.

या दाराची मला काळजी नाही, फळ्याचीही नाही. पुन्हा पिईन की काय याची आहे, पण तिला तोंड द्यायला माणसं आहेत इथे. माझी खरी काळजी दुसरीच आहे आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. गोष्टी सांगणारा, थट्टा करणारा, तुला आणि आईला आवडलेला जो माणूस होता, तो नेहमी एक पेला घेतलेला होता. जूनमध्ये दारातून जो बाहेर येईल तो न प्यायलेला असेल. तो तुला आवडेल की नाही, मला माहीत नाही. तू त्याला कधी भेटलेली नाहीस. मीही नाही.

बाबा